फॅन चालू आहे का?

सिग्नलला गाडी थांबली की बाबा डावीकडच्या सीटवरून मान तिरकी करून मीटरकडे बघतात आणि विचारतात, “फॅन चालू आहे का?” मी म्हणतो, “आहे.” “मग ठीक,” म्हणून ते पुन्हा समोर बघायला लागतात. फॅन म्हणजे रेडिएटरचा, इंजिनातलं गरम पाणी गार करणाऱ्या जाळीचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, गाडीची काळजी करणं सोडलेलं नाही.

गाडी म्हणजे १९९८ ची मारुती ८००. कार्ब्युरेटरवाली, एसी नसलेली, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. घेतली तेव्हा पांढरी होती, आता शिळ्या ताकाच्या रंगाची झाली आहे. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत नेऊन पुन्हा नोंदवून आणली, पर्यावरण कर भरला, पाच वर्षांनी पुन्हा तेच केलं. दर वेळी कोणी ना कोणी नातेवाईक म्हणतो, “आता विकून टाका की.” बाबा त्याच्यापुढे चहा सरकवतात आणि विषय पावसावर नेतात.

एवढ्या वर्षांत ती कधी तापली नव्हती. दोन वर्षांपूर्वीच्या मेमध्ये तापली, आणि तीही खंबाटकी घाटात.

वाईला मावशीकडे निघालो होतो. सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, पण कैऱ्यांच्या पिशवीवरून आईचं आणि बाबांचं काहीतरी झालं आणि निघता निघता साडेनऊ वाजले. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, नीरेचा पूल, सगळं सुरळीत. साठच्या वेगात तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली गप्प. खंडाळा मागे टाकून घाट चढायला लागलो. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्यांना अजून घाटच चढावा लागत होता. बोगदा येतानाच्या वाहनांसाठी. पुढे सिमेंटचा ट्रक, त्याच्या पुढे आणखी एक, आणि आम्ही सगळे दुसऱ्या गिअरमध्ये, वीसच्या वेगाने. तिसऱ्या वळणावर काटा निम्म्याच्या वर आला.

“फॅन चालू आहे का?”

“आहे.” खरंच होता. बोनेटमधून त्याचा घरघराट स्पष्ट ऐकू येत होता. दिवाळीतच मोटर जळली म्हणून नवीन बसवली होती, त्यामुळे त्या बाजूने काळजीच नव्हती.

“मग हीटर लाव.”

हा हीटर म्हणजे आमच्या घरातला जुना विनोद. गाडी घेताना बाबांनी हट्टाने तो बसवून घेतला होता. पुण्यात हीटर कशाला, असं म्हणून सगळे हसले होते. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा दुसरा छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा ती उष्णता गाडीत सोडतो. इंजिन तापायला लागलं तर तेवढीच उष्णता तिथून काढून घेता येते. तर मे महिन्यात, अकराच्या उन्हात, खंबाटकीत, आम्ही तिघं आणि कैऱ्या हीटर लावून बसलो होतो. आई मागून काही बोलली नाही. पदराने वारा घेत राहिली. काटा क्षणभर थबकला आणि मग सरळ लाल रेघेला जाऊन टेकला. गोडसर, गुळाच्या काकवीसारखा वास आला. हा कूलंटचा, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या द्रवाचा वास. तो आला म्हणजे पाणी कुठून तरी बाहेर पडतंय.

कडेला जागा मिळताच थांबलो. बाबा म्हणाले, “लगेच बंद करू नकोस. जागेवर चालू ठेव, फॅन फिरू दे.” सल्ला एरवी बरोबर असतो. एकदम इंजिन बंद केलं की पाणी फिरायचं थांबतं आणि हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातली उष्णता तिथल्या तिथे कोंडते. मी बोनेट उघडलं. आई पाय मोकळे करायला उतरून गाडीच्या पुढे गेली आणि दोनच पावलांत मागे सरकली. “बाई गं, पुढून केवढी झळ मारतेय! भट्टीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतंय.”

“गाडी तापलीय, आई. झळ येणारच,” मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला तर ते विसरताच येत नाही.

काटा उतरेना, उलट रेडिएटरला जोडलेल्या स्पेअर बाटलीतून पाणी भसाभसा बाहेर यायला लागलं. शेवटी बंद केली. पुढच्या ट्रकचा क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन आला आणि फडक्याने रेडिएटरचं टोपण पकडून म्हणाला, “खोलू का? वाफ जाऊ दे.” बाबा ज्या वेगाने गाडीतून उतरले तो वेग मी त्यांच्या गुडघ्यांच्या दुखण्यानंतर प्रथमच पाहिला. त्यांनी त्याचा हातच धरला.

रेडिएटरचं टोपण म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती कुकरची शिट्टी आहे. आतली स्प्रिंग पाण्यावर दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलोचा दाब धरून ठेवते. पुण्यात उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, या दाबाखाली ते ११५ च्या पुढे गेलं तरी पाणीच राहतं. टोपण काढलं की दाब एका क्षणात जातो, तेवढ्या तापलेल्या पाण्याची बघता बघता वाफ होते आणि कारंजं थेट तोंडावर. वाफ जिरण्याआधी कुकर उघडायचा प्रयत्न केलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. आम्ही चाळीस मिनिटं झाडाखाली बसलो. मग टोपण आधी अर्धं फिरवून, फुस्स होऊ देऊन, मग काढलं. थोडं थोडं पाणी घातलं. घाटमाथ्यापर्यंत तीनदा थांबत गेलो. उतार लागल्यावर काटा असा निमूट खाली आला की जणू काही झालंच नव्हतं.

पुढचा दीड महिना गाडी गॅरेजमध्ये आणि मी गॅरेजच्या बाकड्यावर.

पहिल्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत निकाल दिला. “थर्मोस्टॅट अडकतोय. काढून टाकतो. आपल्याकडच्या हवेत लागतच नाही तो.” हे वाक्य मी आजवर इतक्या मिस्त्रींच्या तोंडून ऐकलंय की ती परीक्षेत येणारी व्याख्या असावी. थर्मोस्टॅट हा पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. इंजिन थंड असताना बंद राहतो, पाणी आतल्या आत फिरतं आणि इंजिन लवकर तापतं. मग तो उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. काढून टाकला तर इंजिनाला योग्य तापमानाला यायलाच उशीर लागतो, पेट्रोल जास्त जातं, आतली झीज वाढते. म्हणजे ताप येतो म्हणून थर्मामीटर फेकून देण्यासारखं. तरी मी “काढा” म्हणालो, कारण मला वाईला परत जायचं होतं. सकाळी काटा मग वर यायलाच तयार नसे, आणि सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत पूर्वीसारखाच लाल रेघेकडे जाई. फक्त पाच मिनिटं उशिरा.

काढलेला थर्मोस्टॅट मी मागून घेतला आणि घरी आणला. त्यावर ८२ असा आकडा असतो, म्हणजे तेवढ्या अंशांना तो उघडायला लागला पाहिजे. माळ्यावरचं पातेलं काढलं, पाणी भरून गॅसवर ठेवलं, दोऱ्याने थर्मोस्टॅट त्यात लोंबता सोडला आणि शेजारी प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर. तळाला काही टेकू द्यायचं नाही, नाहीतर आकडा खोटा येतो. आई ओट्याशी उभी राहून बघत होती. सत्तर. पंचाहत्तर. थर्मोस्टॅटच्या पोटात पितळी डबीत मेण असतं. ते वितळून फुगतं आणि दांडीला ढकलतं. बस्स, एवढंच यंत्र, ना तार ना बॅटरी. ऐंशी. आणि मग ब्याऐंशी-त्र्याऐंशीला त्या तबकडीच्या कडेला काळी रेघ दिसली, नखाएवढी, मग रुंद झाली. नव्वदच्या पुढे गेल्यावर तो चांगला बोटभर उघडा.

“हा तर बिचारा बरा आहे,” आई म्हणाली. मग लगेच, “ते पातेलं आता घरात आणू नकोस.” तेही बरोबर. कूलंटमधलं ग्लायकॉल विषारी असतं, चवीला गोड असल्यामुळे तर जास्तच. गाडीखाली सांडलेलं कुत्र्या-मांजरांनी चाटू नये म्हणून मी तेव्हापासून लगेच पाणी मारतो.

थर्मोस्टॅट निर्दोष सुटला. पुढचा आरोपी रेडिएटर.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांच्या गर्दीत रेडिएटरची कामं करणारे कारागीर आहेत. आमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, म्हणजे तो अजून खोलता येतो. हल्लीचे ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या टाक्यांचे. ते बहुतेक बदलायचेच. कारागिराने गॅसच्या ज्योतीने वरच्या टाकीचं डाग दिलेलं शिसं वितळवलं, टाकी उचलली आणि मला बोलावून दाखवलं. चपट्या नळ्यांच्या रांगेची तोंडं होती, पण त्यातली निम्मी दिसतच नव्हती. पांढरट, विटकरी खपली बसलेली, गिझरच्या कॉइलवर बसते तशी. “बोअरचं पाणी घालता का?” त्याने विचारलं. टँकरच्या दिवसांत आम्ही काय घातलं असेल ते सांगवेना. त्याने पोलादी पट्टी एकेका नळीतून वरखाली घातली. याला रॉडिंग म्हणतात. खाली फरशीवर मूठभर चिखल जमला. रेडिएटरमध्ये शुद्ध पाणी आणि कूलंटच का घालायचं, हे मला त्या मुठीने जितकं पटलं तितकं कुठल्याही माहितीपत्रकाने पटलं नव्हतं.

मला वाटलं, सापडलं! आणि फरक पडलाही. पण मंडईजवळ वीस मिनिटं अडकलो आणि काटा पुन्हा वर.

आता दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी बोनेट उघडलं, हात मागे बांधले आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात त्या आवाजात सांगितलं, “हेड गॅस्केट. हेड खोलावं लागेल, फेसिंगला पाठवावं लागेल. बारा हजार धरून चाला.”

हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधली सील, आणि फेसिंग म्हणजे हेड घासून सपाट करणं. भीती खोटी नव्हती. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळताना आतला वायू दोन हजार अंशांच्या वर जातो, आणि हेड ॲल्युमिनियमचं, जे ६६० ला वितळतं. ते वितळत नाही कारण भोवती पाणी फिरतंय. जळलेल्या पेट्रोलची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता त्या पाण्याला उचलून बाहेर न्यायची असते. गाडी दोन-तीनदा उकळली की हेड वाकतं. किती? एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ०.०५ मिलिमीटरहून जास्त चालत नाही, म्हणजे साधारण केसाएवढं. तेवढ्या फटीतून सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतो, किंवा पाणी तेलात.

पण मग त्याच्या खुणाही असतात. रविवारी सकाळी इंजिन गार असताना टोपण काढून चालू केलं आणि पाण्याकडे बघत बसलो. गॅस्केट गेलेलं असेल तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतच राहतात. एकही नव्हता. तेलाचं झाकण काढून उलटं केलं. पाणी तेलात गेलं असेल तर आत दुधाळ, सायीसारखा थर बसतो. झाकण काळंभोर, स्वच्छ. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, पाणी विनाकारण कमी होत नाही. वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाण्याच्या पंपाच्या भोकातून गळती नाही, पट्टा ताठ. बारा हजार मी खिशातच ठेवले आणि पार्किंगमध्ये गाडीसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिलो.

खरं तर उत्तर पहिल्या दिवसापासून समोर होतं. वेगात गाडी ठीक, संथ चढावर आणि गर्दीत तापते. वेगात तापत असती तर पाण्याच्या प्रवाहाचा दोष, पंपाचा किंवा चोंदलेल्या रेडिएटरचा. संथ असताना तापते तेव्हा दोष हवेचा, कारण वेगात वारा फुकट मिळतो आणि थांबल्यावर फॅनकडून मागून घ्यावा लागतो. हे मला माहीत होतं, दोन्ही मिस्त्रींना माहीत होतं, बाबांना तर होतंच. प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला होता. फॅन चालू आहे का? आहे. आणि प्रत्येक जण त्या उत्तरावरून पुढे निघून गेला होता.

इंजिन तापलं, पाणी तापल्यावर फॅन लावणाऱ्या थर्मो स्विचने काम केलं, फॅन सुरू झाला. आई भाजीची पिशवी घेऊन फाटकातून आली आणि गाडीच्या पुढून जाताना थबकली.

“अजून तशीच झळ मारतेय बघ पुढून.”

या वेळी मी काही बोललो नाही. उठून तिच्या शेजारी उभा राहिलो. पिंडऱ्यांवर खरोखरच भट्टीचा वारा येत होता. आमच्या गाडीचा फॅन रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला आहे. त्याचं काम पुढून, जाळीतून गार हवा ओढून इंजिनाकडे फेकायचं. मग झळ मागे लागायला हवी. पुढे का?

वर जाऊन कालनिर्णयचं एप्रिलचं पान फाडून आणलं आणि पुढच्या जाळीला लावलं. हवा आत ओढली जात असेल तर पान जाळीला चिकटून राहायला हवं, हात काढला तरी. मी हात काढला. पान फडफडलं, पुढे उडालं आणि आईच्या भाजीच्या पिशवीवर जाऊन पडलं.

फॅन उलटा फिरत होता.

दिवाळीत मोटर बदलली तेव्हा नव्या मोटरचा सॉकेट जुळेना म्हणून इलेक्ट्रिशियनने तो कापून दोन तारा थेट पिळून टेप मारला होता. डीसी मोटर ती. तारांची अदलाबदल झाली की तितक्याच निष्ठेने उलट्या दिशेला फिरते. तोच आवाज, तोच घरघराट. पात्यांचा बाक उलट्या बाजूला पडल्याने ती हवाही धड फेकत नाही, आणि फेकते ती इंजिनावरची तापलेली. खंबाटकीत वीसच्या वेगाने चढताना पुढून येणारा वारा आणि मागून येणारा वारा रेडिएटरच्या जाळीत समोरासमोर येऊन एकमेकांना अडवत होते. थांबून “फॅन फिरू दे” म्हटलं तेव्हा तर आम्ही इंजिनाची उष्णता त्याच्याच रेडिएटरला परत देत होतो. थंडीत हे खपून गेलं. मार्चपासून काटा जरा वर येत होता, त्याला आम्ही उन्हाळा म्हटलं.

बॅटरीची तार काढली, टेप सोडवला, लाल-काळ्या तारा अदलाबदल करून डाग दिला, स्लीव्ह चढवली, नवा सॉकेट लावला. सॉकेट आणि स्लीव्ह मिळून शंभराच्या आतच. मे महिन्याचं पान लावून बघितलं. जाळीला असं चिकटलं की काढताना कोपरा फाटला.

बाबांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “फियाटला असं होऊच शकत नव्हतं.”

आधी मला तो नेहमीचा फियाट-महिमा वाटला. मारुतीच्या आधी आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. नाव काही असो, सगळे फियाटच म्हणत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली तेव्हा बाबांनी पेपरातला फोटो कापून ठेवला. पण या वेळी ते महिमा गात नव्हते. पद्मिनीत इंजिन उभं बसवलेलं, त्याचं नाक रेडिएटरकडे. फॅन वॉटर पंपाच्या दांड्यावर, आणि तो दांडा इंजिनाला पट्ट्याने बांधलेला. इंजिन फिरतंय म्हणजे फॅन फिरतोय, आणि एकाच दिशेला. पट्टा तुटला तर चार्जिंगचा लाल दिवा लागायचा. तिथे “फॅन चालू आहे का” या प्रश्नात सगळं आलं, दुसरा प्रश्न शिल्लकच राहत नाही. मारुतीचं इंजिन आडवं, म्हणून फॅनला वेगळी विजेची मोटर. बाबांनी चाळीस वर्षं फियाटचाच प्रश्न विचारला होता, आणि मी तो त्यांच्याकडून जसाच्या तसा उचलला होता.

थर्मोस्टॅट परत बसवून घेतला. मिस्त्रींनी भुवया उंचावल्या, पण बसवला. पुढचं चाक दगडावर चढवून नाक वर केलं, टोपण काढून, हीटर उघडून, अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडेपर्यंत कूलंट भरत राहिलो. तापल्या गाडीत एअर लॉक राहिला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यंदा मेमध्ये वाईला निघालो. या वेळी कैऱ्या वेळेवर भरल्या होत्या. खंबाटकीत तसाच ट्रक, तसाच दुसरा गिअर. काटा निम्म्याला आला, फॅन लागला, काटा तिथेच राहिला. हीटर बंद.

मधल्या एका वळणावर कडेला एक जुनी मारुती उभी होती, बोनेट उघडं, इंजिन चालू. विशीतला मुलगा हाताला फडकं गुंडाळत होता. “थांबव,” बाबा म्हणाले. मी थोडं पुढे जाऊन जागा बघून थांबवली. बाबा पाण्याचा कॅन घेऊन उतरले आणि लांबूनच ओरडले, “टोपणाला हात लावू नको रे!” मग जवळ जाऊन पुढचा प्रश्न. “फॅन चालू आहे का?”

“हो काका, चालू आहे,” मुलगा म्हणाला.

आई तोवर त्या गाडीच्या पुढे पोचली होती. पदर एका हाताने सावरत ती वाकली, आणि दुसऱ्या हाताचा तळवा तिने जाळीसमोर धरला.